सत्तर घरांना चूलबंद आवतन

जालना
२ डिसेंबर

मामा,

पाया पडते. मामीलाही सांगा.

तुमचे कान गेल्यापासून फोनवर नुसतं "आं? कोण?" ऐकून माझा घसा बसला, म्हणून हा कागद. मोबाईलवरची बारीक अक्षरं तुम्ही वाचत नाहीत, आणि राधेश्यामदादाला वाचून दाखवायला सांगावं तर तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचतो. मामी म्हणाली, कागद आला तर चष्मा लावून दोनदा वाचतील. मंग घ्या!

मामा, मला नोकरी लागून चार महिने झाले आणि मी अजून टिकून आहे! पूर्णातीर सीड्स, म्हणजे तुमच्याकडचे शेडनेटवाले ज्यांच्यासाठी मिरचीचं बी करतात ती कंपनी. तिच्या मालकीण आकांक्षा मॅडम, आणि मी त्यांची एक्झिक्युटिव्ह असिस्टंट. मॅडमनी कुणाला कधी भेटायचं, कुठं जायचं, कोणता कागद आधी वाचायचा, सगळं माझ्या वहीतून जातं. सकाळी साडेनऊला अर्धं ऑफिस आधी माझ्यासमोर. "मोनिका, आज हवा कशीय?" मी मान हलवली तर आत जायचं, नाहीतर दुपारनंतर या म्हणते. फिल्ड ऑफिसर बुद्धभूषण सरांचे दौऱ्याचे रिपोर्ट मी नीट लावून देते. चहापाण्याचं बघणाऱ्या उषाबाईंचा रजेचा अर्ज मी लिहिते आणि मॅडम खुशीत असल्या की पुढं सरकवते. मला हे काम इतकं आवडतं की रविवार आला की करमत नाही.

पण एक धाकधूक आहे. माझ्या आधीच्या तिघी सहा महिन्यांच्या आत गेल्या. माझे सहा महिने ३१ जानेवारीला भरतात. त्या दिवशी कायम केल्याचं पत्र मिळालं तर ठीक, नाहीतर परत वडीगोद्री, आई-दादांकडं. दादांनी शब्द घेतलाय माझ्याकडून. कायम नाही झालीस तर फेब्रुवारीत पाहुणे बघायला येतील, तेव्हा तोंड वाकडं न करता पाटावर बसायचं. तुम्ही देवाला हात जोडा.

मी बसते तिथं सगळीकडून काच आहे, मॅडमचं दार अगदी हाताशी.

तुमची
मोनिका

—

हसनाबाद
९ डिसेंबर

मोने,

खुशाल ऱ्हा. तुझा कागद आला अन् म्या तो दोनदा न्हाई, चारदा वाचला. तुझ्या मामीनं अजून एकदा मोठ्यानं वाचायला लावला ते येगळंच.

बाप्पा बाप्पा! मालकिणीच्या खालोखाल आपली मोनी! म्या लगेच पारावर गेल्तो. म्हणलं, ऐका रे, मपल्या भाचीला काचंची केबिन हाये अन् तिनं मान हलवल्याबिगर कुणी आत जाऊ शकत न्हाई. सुग्रीव आपला नेहमीचा, त्याला कुणाचं बरं पाहावत न्हाई. त्यानं बोटं फिरवून इचारलं, खुर्ची फिरती हाये का? फिरती असंल तरच साहेब. तं ते लिही. अन् त्याच्या जावयाला तुमच्या कंपनीत लावायचं म्हणून राह्यला. म्या म्हणलो, अरे ते तं मोनीच्या एका सहीचं काम!

दादाचं मनावर घेऊ नको. बिभीषण भाऊजी मपल्या हाटेलाच्या गल्ल्यावर बसून गिऱ्हाईकांची मतं ऐकते अन् घरी येऊन तीच सांगते. तू काम बराबर कर. म्या आजवर दीडशे लग्नांत कोठीवर बसलो. तेला-साखरंची किल्ली कमरेला अन् नजर मांडवात. कोणता पाहुणा कुठं बसला, कुणाच्या पानात वाढायचं राह्यलं, हे नवरदेवाच्या बापाला नसतंय माहीत, कोठीवाल्याला असतंय. अन् पंगत उठल्याबिगर कोठीवाला घास घेत न्हाई. तू एवढी शिकली, तुला म्या काय शिकवावं, पर सांगितलं.

कान गेले तेव्हापासून लग्नवाले मला बोलवत न्हाईत. म्हणते, तुमाला हाक मारली तं कळंल का? असू दे. तू लिहीत जा.

तुपला मामा
राधाकिसन

—

जालना
९ जानेवारी

मामा,

पाया पडते. खुर्ची फिरते, सांगा सुग्रीवमामांना! जावयाचं मात्र माझ्या हातात नाही हो, तेवढं मिटवा.

आता खरी बातमी. माझ्या हातात आजवरचं सगळ्यात मोठं काम आलंय! रविवारी २५ तारखेला कंपनीच्या आवारात आपल्या बीजोत्पादक शेतकऱ्यांचा मेळावा आहे. थायलंडहून दोन पाहुणे येणार आहेत, बी विकत घेणारे. आपल्याकडचं काम त्यांच्या पसंतीला उतरलं तर पुढची सगळी वर्षं बदलतील, असं मॅडम म्हणतात. मंडप, माइक, पाहुण्यांच्या गाड्या, कुणी किती मिनिटं बोलायचं, सगळं माझ्याकडं. मॅडमनी वही माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाल्या, "यात तुझं काय ते दिसेल."

दोनशे शेतकरी, दोनशे जेवणं. मी सुंदर रंगीत निमंत्रण केलं आणि एका बोटानं दोनशे मोबाईलवर पाठवलं. आठ दिवसांत किती जणांनी उत्तर द्यावं? अकरा! तेही नुसते अंगठे. बुद्धभूषण सर हसत सुटले. म्हणाले, "मोबाईलवर आलेल्या आवतनाला कोण येतं? दारात माणसाला जावं लागतं." पण ते एकटे कुठं कुठं फिरणार?

म्हणून तुम्हाला साकडं घालते. हसनाबादच्या बाजूचे सत्तर शेतकरी आहेत, यादी सोबत जोडलीय. तुम्ही आणि राधेश्यामदादा गाडीवरून एक चक्कर मारून तेवढं आवतन द्याल का? तुमचा शब्द कुणी मोडत नाही. मंडप भरला पाहिजे मामा. रिकाम्या खुर्च्या दिसल्या तर माझं पत्र गेलंच म्हणून समजा.

मोनिका

—

हसनाबाद
१९ जानेवारी

मोने, मोने, मोने!

फत्ते! सत्तरच्या सत्तर घरं झाली!

पाच दिवस फिरत होतो. राधेश्याम गाडी चालवी अन् म्या मागं, हातात हळद-कुंकवाची वाटी. तुझ्या मामीनं मपलं लग्नातलं धोतर काढून देल्लं, सांगत होती, कंपनीचं काम हाये, नीट जा. दर घरी उंबऱ्याला कुंकू लावलं, बाईमाणसाला पुढं बोलावलं अन् म्हणलं, मपल्या भाचीचं आवतन हाये. कान गेल्याचा काय फायदा झाला सांगू? कुणाचं "जमायचं न्हाई" मला ऐकूच आलं न्हाई!

यादीत तं एकेका माणसाचंच नाव होतं. म्हणलं हे काय? एवढी मोठी कंपनी, परदेशचे पाहुणे, अन् एका घरातून एकच माणूस जेवायला? लोक काय म्हणतीन मोनीला? आपल्यात एकट्याचं आवतन कुणाला देतेत? ज्याच्याशी मनातून नसतंय त्याला. म्हणून म्या सगळ्यायला चूलबंद आवतन देल्लं. त्या दिवशी घरात चूल पेटवायची न्हाई, म्हातारं, लेकरं, सुना, सगळ्यायनं कंपनीत जेवायचं. अगं काय सांगू, बाया तं उड्या मारायच्या राह्यल्या. चांगुणाबाई तीन साल झाले मिरचीच्या शेडनेटात बियासाठी फुलं जोडती, म्हणली, कंपनी कशी असती ते आजवर पाह्यली न्हाई, आता नवं लुगडं नेसून येते.

टेम्पो ठरले. सहा टेम्पो अन् एक ट्रॅक्टर. सुग्रीवपण येऊन राह्यला, खुर्ची पाहाया.

आता तुझा मंडप अस्सा भरंल का बस! बिनघोर ऱ्हा.

मामा

—

जालना
२३ जानेवारी, सकाळी अकरा

मामा,

तुमचा कागद आत्ता हातात पडला. बुद्धभूषण सर जीप घेऊन तुमच्याकडं निघालेत, त्यांच्या हाती हे देते. ते थांबतील, उत्तर लगेच द्या.

मामा, काय केलंत हो हे! मी सत्तर माणसं बोलवायला सांगितली होती. सत्तर घरं म्हणजे साडेपाचशे माणूस झालं! बाकीच्या गावांचे धरून सातशे! केटररला दोनशेचं सांगितलंय, खुर्च्या दोनशे, पाण्याच्या बाटल्या दोनशे. तो केटरर म्हणतो दोन दिवसांत सातशेचं पनीर मी काय शेतातून उपटून आणू?

मी मॅडमना सांगितलं. लपवून ठेवणं मला जमलं नसतं. मी म्हणाले, "आवतनात चूक झाली, माझ्याकडून." त्यांनी विचारलं, "तुझ्याकडून म्हणजे?" मी म्हणाले, "माझ्याचकडून." तुमचं नाव घेतलं नाही. त्या वही मिटून म्हणाल्या, "रविवार होऊ दे. मग तुझं बघू." मामा, त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

उषाबाई म्हणतात, आवतन माघारी घ्या, निरोप पाठवा की फक्त कर्त्या माणसानं यावं. घ्यायचं का माघारी? तुम्ही सांगाल तसं करते. माझं डोकं चालत नाही.

मोनिका

—

हसनाबाद
२३ जानेवारी

मोने,

बुद्धभूषण दारात उभे हायेत, मामी त्यायला चहा पाजून राह्यली, तवर लिहितो. घाईचं अक्षर समजून घे.

चूक मपली. पर माघारी न्हाई! देल्लेलं आवतन माघारी घेतलं तं सत्तर घरं सात पिढ्या कंपनीचं नाव घेणार न्हाईत. त्यापरीस पत्रावळी कमी पडलेल्या पत्करल्या.

आता सांगतो तसं कर. पनीर-बिनीर रद्द. वरण, बट्ट्या, वांग्याची भाजी अन् बुंदी. बट्ट्याला गोवऱ्या लागते, त्या म्या टेम्पोत भरून आणतो. कढया गावच्या मंदिरातल्या. आचारी मपलेच चौघं, मपला शब्द पडू देत न्हाईत. खुर्च्या फक्त म्हाताऱ्यायला अन् पाहुण्यायला, बाकी सगळे सतरंजीवर, पंगत खालीच बरी दिसती. बाटल्या नको, रांजण भर. घरोघर निरोप धाडतो, ज्यानं त्यानं आपलं ताट-तांब्या आणावं. म्या शनिवारी सांजच्यालाच येतो.

अन् एक ध्यानात ठेव. कुणीतरी रुसणारच. दीडशे लग्नांत एकबी बिनरुसव्याचं पाह्यलं न्हाई. रुसणाऱ्याची समजूत काढत बसू नको, त्याच्या हातात वाढायची बादली दे. वाढणाऱ्याला रुसाया टाइमच ऱ्हात न्हाई.

तू मपलं नाव घेतलं न्हाई हे बुद्धभूषणनं कागदावर लिहून सांगितलं. त्याचं मंग बघू.

मामा

—

जालना
२७ जानेवारी

मामा,

कुठं गेलात तुम्ही? रविवारी चारला तुम्हाला शोधत चुलाणापाशी आले तर राख आणि रिकाम्या कढया. न भेटता गेलात! राधेश्यामदादाला फोन केला तर म्हणतो, "आबा बोलत नाहीत, माळ्यावर बसलेत."

तुम्ही आचाऱ्यांकडं होतात, मंडपात काय झालं ते तुम्हाला सगळं दिसलं नसेल, म्हणून सांगते. सातशे नाही मामा, साडेसातशे माणूस होतं! सुरुवातीलाच सुग्रीवमामा फुगले, त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची नाही म्हणून. गेटाकडं निघाले होते. मी पळत गेले आणि वरणाची बादली हातात दिली, म्हटलं मामा, तुमच्याशिवाय कोण आहे मला? तीन पंगती वाढल्या त्यांनी, घामाघूम झाले आणि जाताना मलाच म्हणाले, पुढच्या वर्षी लवकर सांग!

मॅडमचं तोंड सकाळपासून लहान झालेलं. माइक खरखरला तर सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडल्या. मग थायलंडच्या बाई उठल्या आणि त्यांनी विचारलं, हे फुलाचं काम नेमकं करतं कोण? मिरचीची कळी हातानं उघडायची, तिच्यातला नर काढायचा, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि दोरा बांधायचा, ते. आमच्या यादीत सगळी नावं पुरुषांची. माझ्या वहीत तर तसल्या प्रश्नाला जागाच नव्हती. मॅडमनी मराठीत विचारलं, "फुलं कोण जोडतं?" आणि मामा, सतरंजीवरून हात वर झाले. दोनशे, अडीचशे बायका! चांगुणाबाई सरळ स्टेजवर चढल्या, शोभेला ठेवलेल्या मिरचीच्या कुंडीतली कळी घेतली, केसातली पिन काढली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत काम करून दाखवलं. थायलंडच्या बाई त्यांच्या शेजारी खालीच बसल्या आणि मला शिकवा म्हणाल्या. पाच वेळा कळी मोडली त्यांनी. मंडप हसून हसून लोटपोट! नंतर ते दोघं पाहुणे शेवटच्या पंगतीला बट्ट्या कुस्करून जेवले आणि मॅडमना म्हणाले, आम्हाला ह्याच बायकांच्या हातचं बी पाहिजे.

यावर मी नाचायला पाहिजे होतं ना? पण मॅडम अजून काहीच बोललेल्या नाहीत. चार दिवस राहिलेत. आणि तुम्ही न भेटता गेलात.

मामा, मला ठाऊक आहे का गेलात. तुम्ही मला खुर्च्या उचलताना पाहिलंत. मॅडमची पर्स धरून उभी असलेली पाहिलंत, शिव्या खाताना पाहिलंत. मी खोटं नाही बोलले, पण खरं पण नाही सांगितलं. मला केबिन नाही. मॅडमच्या दाराबाहेर पॅसेजमध्ये टेबल आहे, काच आहे ती पॅसेजची. मी साहेब नाही, मामा. मी साहेबांचं काम सोपं करते. मला त्याची लाज वाटत नाही, पण तुम्ही पारावर सांगून बसला होतात, म्हणून लिहायचा धीर झाला नाही. रागावू नका. मला तुमचा राग सोसत नाही.

मोनिका

—

हसनाबाद
२९ जानेवारी

मोने,

येडी का काय तू? राग? म्या तुझ्यावर?

अगं, तुला खुर्च्या उचलताना पाहून तं मपली छाती फुगली. म्या आचाऱ्यायपाशी कमी अन् कनातीच्या फटीपाशी जास्त होतो. मला ऐकू येत न्हाई, पर दिसतंय चांगलं. तुझ्या मॅडमबाई बोलायच्या आधी दरवेळी मान वळवून तू कुठं हाये ते पाहात होत्या. तू दिसली की मंग बोलत. अन् तू पंगत उठेपस्तोर पाण्याचा घोट घेतला न्हाई. दाराबाहेरच्या टेबलाचं काय घेऊन बसली? कोठी दारातूनच सांभाळावी लागती. पारावर म्या सांगून आलो, साहेब न्हाई, त्याच्यापरीस अवघड हाये म्हणून.

म्या पळालो ते दुसऱ्याच कारणानं. सांगायला हिंमत होईना म्हणून माळ्यावर बसलो होतो. तू मपली चूक मपल्या नावावर न ठेवता गिळली, हे मला सोसंना. म्हणून पत्रावळीच्या कागदावर लिहिलं, "बाई, आवतन म्या देल्लं. पोरीनं माणसं बोलाव म्हणलं, म्या घरं बोलावली. तिला काढू नका. राधाकिसन, हसनाबाद." अन् तुझ्या मॅडमबाईच्या हातात दिलं. त्यायनं वाचलं, मपल्याकडं पाह्यलं अन् काहीतरी बोलल्या. मोने, मला ऐकू आलं न्हाई! तोंडावरून बी कळंना. म्या घाबरलो अन् टेम्पोत जाऊन बसलो. तेव्हापासून वाटून राह्यलं, म्या आगीत तेल ओतलं. त्यायला वाटलं असंल, ही पोरगी खोटं बोलली, सोयऱ्यायला घुसवलं.

नोकरी गेली असंल तं मपल्यापायी गेली. मला माफ कर. बिभीषण भाऊजीच्या पाया पडंन म्या, पर तुला मनाविरुद्ध पाटावर बसू देणार न्हाई. बुद्धभूषण इकडं आले हायेत, त्यांच्याच हाती हे धाडतो.

मामा

—

जालना
३१ जानेवारी

मामा! मामा!

आधी मामीला चुलीपासून बोलवा आणि मग पुढचं वाचा.

आज सकाळपासून मॅडमनी मला आत बोलावलंच नाही. बारा वाजले, दोन वाजले. उषाबाईंनी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. बुद्धभूषण सर उगाच तीनदा पॅसेजमधून गेले आणि आले. मी ड्रॉवर आवरून ठेवला होता, पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. पाच वाजता बेल वाजली.

मॅडम म्हणाल्या, "बस. एक पत्र सांगते, टाइप कर. नाव शेवटी सांगते." अशी पत्रं मी रोजच करते, बसले. त्या सांगायला लागल्या आणि मी बोटं चालवत राहिले. "आपण दोनशे जणांच्या कार्यक्रमास साडेसातशे जण आणलेत. कंपनीच्या कोणत्याही नियमात हे बसत नाही." मला वाटलं, झालं, हे माझंच काढून टाकल्याचं पत्र, आणि तेही माझ्याच हातानं! डोळ्यांपुढचा स्क्रीन दिसेना. पण टाइप करत राहिले. हात थांबवले असते तर रडू फुटलं असतं.

मग त्यांनी टेबलावरून तुमचा पत्रावळीचा कागद उचलला. तेलाचा डाग पडलेला. म्हणाल्या, "हे पत्रात घेऊ नकोस, नुसतं ऐक. या ऑफिसात चूक झाली की ती कुणाचीच नसते, मोनिका. पाच वर्षं मी विचारतेय, हे कुणी केलं? सगळे भिंतीकडं बघतात. आणि इथं एका चुकीवर दोन माणसं हक्क सांगतायत. तुझ्या मामांना मी तेव्हाच म्हटलं होतं, तुमची भाची मी सोडणार नाही. ते काही न बोलता निघून गेले. फार मानी दिसतात."

मामा, मी हसायला लागले. रडत रडत हसायला लागले! त्यांना म्हटलं, मॅडम, त्यांना ऐकू येत नाही हो! तर त्या पण हसायला लागल्या. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मग डोळे पुसून म्हणाल्या, "चल, पुढं घे. आजपासून आपणास कंपनीच्या सेवेत कायम करण्यात येत आहे. आता वर नाव लिही. तुझं."

आजवर मी किती जणांची नावं त्या जागी लिहिली, मामा. एकदा पण काना-मात्रा चुकली नाही. आज माझं स्वतःचं नाव तीनदा चुकलं. दादांचं नाव तर अर्धंच आलं. मी खोडते, परत लिहिते, परत खोडते. मला वाटलं आता ओरडतील. आणि मॅडम खुर्चीत मागं रेलून म्हणाल्या, "सावकाश लिही. मला घाई नाही."

तुमची
मोनिका